डिझेल जातं कुठे?

आंबिया बहाराची संत्री उतरली, की सावनेरच्या शिवारातून पिकअप गाड्या नागपूरच्या कळमना बाजाराकडे धावू लागतात. भाडं ठरलेलं, हातात काय उरतं, ते डिझेलवर.

मोठा खर्च वेगाचा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ५० ऐवजी ८० किलोमीटरने गाडी पळवली, तर तो अडीच पटींहून अधिक होतो. क्रेटची रास केबिनच्या वर गेली, की त्यात आणखी भर. पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटना ताशी ४५ ते ५५चा वेग सुचवते, तो यासाठीच.

टायरकडे मात्र दुर्लक्ष होतं, आणि ते महागात पडतं. हवा कमी, तर टायर जास्त दबतो आणि इंजिनावर ताण येतो.

बाजाराच्या रांगेत इंजिन बंद ठेवा. हवा टायर थंड असतानाच, भरलेल्या गाडीच्या तक्त्याप्रमाणे तपासून घ्या.