रुग्णाभ्यंग
रोमन कॅथलिक पंथातील सात संस्कारांपैकी एक. आजाऱ्यास तेल लावून प्रार्थना करण्याचा याकोबाच्या पत्रातील (५:१४-१५) आदेश हा याचा आधार. मध्ययुगात तो मरणोन्मुखांपुरता उरून ‘अंत्याभ्यंग’ ठरला. धर्मगुरू आला म्हणजे मृत्यूची वर्दीच, या धास्तीने नातलग त्यास बोलावण्यास विलंब लावीत व रुग्ण अनेकदा बेशुद्धावस्थेतच संस्कार घेई. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) मूळ अर्थ पुन्हा पुढे आणला; १९७२ मध्ये पोप सहावे पॉल यांनी विधी सुधारला. पूर्वी डोळे, कान, नाक, ओठ, हात व पाय यांना तेल लावीत. आता कपाळ व हात यांनाच लावतात. ऑलिव्ह तेल न मिळाल्यास अन्य वनस्पतिजन्य तेल चालते. आजार बळावल्यास संस्कार पुन्हा घेता येतो. मरणोन्मुखाचा खरा अखेरचा संस्कार म्हणजे ‘वियातिकुम’ (वाटेची शिदोरी), अर्थात अंतसमयी दिला जाणारा ख्रिस्तप्रसाद.