माहेर दूर असले तरी

पहिले बाळंतपण माहेरी व्हावे, हा मराठी घरांतील फार जुना संकेत आहे. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झाले की लेक आईकडे यावयाची आणि बारसे आटोपून, सव्वा महिना पुरा करून मगच सासरी परतावयाची. परंतु पतीच्या वा स्वतःच्या नोकरीमुळे चंदीगडसारख्या शहरी संसार मांडलेल्या भगिनीला हा संकेत पाळणे सोपे नसते. मुंबई-पुण्याहून हे शहर आगगाडीने दीड हजार किलोमीटरांहून अधिक दूर. मग जावे, की येथेच राहावे?

याचे उत्तर घरोघर वेगळे असेल. पण ते चौथ्या-पाचव्या महिन्यातच ठरले पाहिजे. ज्या रुग्णालयात प्रसूती व्हावयाची, तेथील डॉक्टरांना त्या स्त्रीची प्रकृती आधीपासून ठाऊक असावी, हे महत्त्वाचे. शेवटच्या आठवड्यांत लांबचा प्रवास करणे आणि तपासण्यांचे कागद नसताना अनोळखी रुग्णालयात दाखल होणे, या दोन्ही गोष्टी टाळण्यासारख्या आहेत.

येथेच राहावयाचे ठरल्यास काळजीचे कारण नाही. सेक्टर १६ चे शासकीय रुग्णालय आणि सेक्टर ३२ चे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथे प्रसूतीची सोय आहे. गुंतागुंतीच्या रुग्णांसाठी १९६२ साली स्थापन झालेली पदव्युत्तर वैद्यकीय संस्था, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले ‘पीजीआय’, जवळच आहे. २०११ पासून चालू असलेल्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार शासकीय रुग्णालयात प्रसूती, शस्त्रक्रिया, औषधे, तपासण्या आणि आहार विनामूल्य मिळतात.

गरोदरपणी निदान चार तपासण्या झाल्याच पाहिजेत. अधिक झाल्यास उत्तमच. प्रत्येक वेळी रक्तदाब, वजन, लघवी आणि रक्तातील हिमोग्लोबिन पाहिले जाते. हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली गेले, तर त्यास पंडुरोग समजावे. ज्या स्त्रीच्या अंगी रक्त कमी, तिला प्रसूतीच्या वेळचा थोडा रक्तस्रावही सोसत नाही. म्हणून लोहाची गोळी गरोदरपणी १८० दिवस आणि बाळंतपणानंतरही १८० दिवस घ्यावी. पंजाबकडे दुधाळ चहाचा पाहुणचार फार. परंतु चहाबरोबर घेतलेल्या गोळीतील लोह अंगी लागत नाही. गोळी जेवणानंतर तासाभराने, लिंबू-पाण्याबरोबर घेतल्यास अधिक गुण येतो.

नववा महिना लागताच एक पिशवी भरून ठेवावी: तपासणीचे सर्व कागद, दोन सैल वस्त्रे, स्वच्छ सुती कपड्यांच्या घड्या, बाळासाठी टोपडे, झबली आणि दुपटी. रात्री-अपरात्री वाहन कोण आणील, रक्ताची गरज पडल्यास कोण देईल, हेही आधी ठरवावे. अडचणीच्या वेळी ११२ हा क्रमांक घरातील प्रत्येकास पाठ असावा.

बाळ जन्मले म्हणजे संकट टळले, असे आपण समजतो. वस्तुस्थिती निराळी आहे. अतिरक्तस्रावाचा सर्वांत मोठा धोका प्रसूतीनंतरच्या पहिल्या २४ तासांत असतो. म्हणूनच रुग्णालयात निदान ४८ तास राहावे. आपल्या देशात २०१८-२० या काळात दर लाख जन्मांमागे ९७ माता दगावल्या. महाराष्ट्रात हेच प्रमाण ३३ होते. यांतील पुष्कळ मृत्यू वेळीच उपचार मिळते तर टळले असते. तासाभरात घडी भिजून जाईल इतका स्राव, ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, झटके, धाप किंवा एका पोटरीस सूज व वेदना, यांपैकी काहीही दिसल्यास उद्याची वाट पाहू नये.

जन्मल्यापासून तासाभराच्या आत बाळास अंगावर घ्यावे. पहिले पिवळसर, दाट दूध, ज्याला आपण चीक म्हणतो, ते टाकू नये. ती बाळाची पहिली लसच होय. आपल्याकडे मध आणि सोने चाटवतात, तर पंजाबात वडीलधाऱ्यांच्या हातून ‘गुढती’ देतात. दोन्हीमागील माया खरी. पण मधातील सूक्ष्म जंतूंपासून तान्ह्या बाळास गंभीर विषबाधा होऊ शकते. वर्षभर मध नको आणि सहा महिने आईच्या दुधाखेरीज पाणीही नको.

आता शेक-शेगडीविषयी. कोकणातल्या उबदार हवेत, कौलारू घराच्या फटींतून धूर निघून जात असे. चंदीगडच्या पौष-माघातील कडाक्याच्या थंडीत मात्र दारे-खिडक्या घट्ट लावलेल्या असतात. अशा खोलीत कोळशाची शेगडी ठेवली तर कार्बन मोनॉक्साइड हा वायू साचतो. त्यास रंग नाही, वासही नाही. प्राणवायूपेक्षा तो रक्तातील हिमोग्लोबिनला कितीतरी अधिक घट्ट चिकटतो, आणि झोपेतच माणूस दगावते. म्हणून बाळंतिणीच्या खोलीत शेगडी, अंगीठी वा धुरी मुळीच नको. कंबरेस गरम पाण्याच्या पिशवीचा शेक द्यावा आणि बाळास टोपडे घालून आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरावे, वरून दुपटे घ्यावे. याहून चांगली ऊब नाही.

आहाराच्या बाबतीत मात्र दोन्ही प्रांतांचे एकमत दिसते. आपले डिंकाचे व हळिवाचे लाडू आणि शेजारणीने प्रेमाने आणलेली पंजीरी, यांत तूप, डिंक आणि सुका मेवा आहेतच. रोज एखादा लाडू पुरे. त्याबरोबर वरण, पालेभाजी, दूध, फळे हवीत आणि पाणीही भरपूर प्यावे. बाळंतिणीस पाणी तोडणे अयोग्य आहे.

मनाचीही काळजी घ्यावी. पहिल्या काही दिवसांत उगीच रडू येणे स्वाभाविक आहे. पण दोन आठवड्यांनंतरही उदासपणा जात नसेल, तर तो आजार समजून डॉक्टरांना भेटावे; १४४१६ या क्रमांकावरही सल्ला मिळतो. परक्या शहरात, दिवसभर एकटीने बाळाजवळ बसणाऱ्या भगिनीस हे दुखणे लवकर गाठते. केंद्र शासनाच्या पुरुष कर्मचाऱ्यांना १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. ती पेढे वाटण्यात न दवडता रात्रीचे जागरण वाटून घेण्यात खर्ची घालावी. पुढील अपत्याचा विचारही दोघांनी याच काळात करावा. दोन बाळंतपणांत निदान तीन वर्षांचे अंतर असावे, आणि त्यासाठी योग्य साधन कोणते, हे रुग्णालयातून घरी येण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

लेकीस माहेरी जाता आले नाही, तर आईने लेकीकडे यावे. येताना हळीव आणावेत, जुन्या लुगड्याची मऊ दुपटी आणावीत. शेगडी मात्र मागेच ठेवावी.