डॉक्टरांनी नखे का पाहिली?

दुखणे टाचेचे आणि डॉक्टर पाहताहेत हाताची नखे! माझ्या आत्याला त्या दिवशी हसूच आले. मी कलाशाखेचा विद्यार्थी. वैद्यकाशी माझा संबंध आत्याची फाइल धरण्यापुरता. पण तिथे जे ऐकले आणि मागाहून वाचून पडताळले, ते आपल्या अंकात सांगावेसे वाटले.

आत्या शिवणकाम करते. चार वर्षांपूर्वी तिच्या पायाचे एक बोट सुजले. नुसता सांधा नव्हे, मुळापासून टोकापर्यंत सबंध बोट, उकडलेल्या रताळ्यासारखे. रक्तात युरिक ॲसिड जरा वाढलेले निघाले, म्हणून गाऊटच्या गोळ्या सुरू झाल्या. (सोरायसिसमध्येही ते वाढू शकते, हे आम्हांला कोठून ठाऊक!) पुढे टाच धरली, तेव्हा चपला बदलल्या. मग हाताची बोटे आखडू लागली. आमवाताची तपासणी ‘निगेटिव्ह’ आली आणि ‘वयाचे आहे’ असे सांगून तिला घरी पाठवले. वय तेव्हा ४१! डोक्यातल्या ‘कोंड्या’साठी ती दुसऱ्याच डॉक्टरांकडे जात असे. दोन दवाखाने, दोन फाइली. त्यांची गाठ कधी पडलीच नाही.

तो कोंडा सोरायसिस होता. सोरायसिस असलेल्यांपैकी काहींना सांध्यांचा जो विकार जडतो तो सोरायटिक आर्थ्रायटिस. बहुधा त्वचा आधी, सांधे नंतर; क्वचित उलटही होते. तो नक्की ठरवणारी रक्ताची एकही तपासणी नाही. म्हणून डॉक्टरांनी कानामागे, बेंबीत, केसांच्या कडेला पाहावे लागते. खवले तिथेच लपतात. आणि नखे पाहावी लागतात, कारण नखाचे मूळ व बोटाचा शेवटचा सांधा अगदी लगत असतात. आत्याच्या नखांवर बारीक खळगे होते, तिच्याच अंगुस्तानावर असतात तसे. रोज अंगुस्तान घालणाऱ्या बाईला ते दिसू नयेत!

‘सकाळी बोटे किती वेळ आखडलेली असतात?’ डॉक्टरांनी विचारले. ‘अर्धा स्वयंपाक होईपर्यंत,’ आत्या म्हणाली. झिजेचे दुखणे कामाने वाढते. दाहाचे दुखणे विश्रांतीनंतर जास्त जाणवते व हालचालीने सैल होते. हा एक प्रश्न चार वर्षांत कोणी विचारला नव्हता.

२००६ साली प्रसिद्ध झालेले ‘कॅस्पर’ निकष मूळचे संशोधनासाठी, पण ध्यानात ठेवायला सोपे. सांध्याचा, कण्याचा किंवा स्नायूचा दोर हाडाला चिकटतो तिथला दाह हवाच. मग अंगावर सोरायसिस असेल तर २ गुण. नसेल, पण पूर्वी होता किंवा घराण्यात असेल, तर १. बिघडलेली नखे, सबंध सुजलेले बोट, निगेटिव्ह आर. ए. फॅक्टर, क्ष-किरण चित्रात सांध्यालगत नवे हाड, यांचा प्रत्येकी १. तीन गुण पुरे. आत्याचे पाच भरले, आणि त्यांतला एक त्या ‘निगेटिव्ह’ कागदाचाच!

मेथोट्रेक्सेटने सूज ओसरली. पण सांध्याची झीज एकदा झाली की औषधाने भरून येत नाही. तिची दोन बोटे वाकडीच राहिली. मशीन ती चालवते. काजे मात्र आता माझी आतेबहीण करते.