सुरतेची गलबते

सुरतेचे बंदर मुळात सोयीचे नव्हते. तापीच्या मुखाशी गाळ साचलेला. म्हणून मोठी जहाजे सुवाळीस नांगर टाकीत आणि माल होड्यांतून, बैलगाड्यांतून शहरात जाई. तरीही सतराव्या शतकात ते मोगल साम्राज्याचे प्रमुख बंदर ठरले, ते पाठीमागच्या मुलुखामुळे. बऱ्हाणपूर, अहमदाबाद, आग्रा येथील कापड व नीळ येथून मोखा, बसऱ्याकडे जाई आणि बदल्यात चांदी येई. यातील बरीचशी चांदी मूळची अमेरिकेतील खाणींची. सुरतेच्या टांकसाळीत तिचे रुपये पडत आणि ते खानदेशातील विणकऱ्याच्या हाती पोहोचत.

इंग्रजांचे 'हेक्टर' जहाज १६०८ साली येथे आले, १६१३ मध्ये त्यांची वखार स्थिरावली. पुढे वीरजी व्होरा या सावकाराकडून कंपनी कर्ज काढीत असे. १६६४ व १६७० साली शिवाजी महाराजांनी सुरत लुटली. परंतु त्या लुटींनीच सुरत बुडाली, हा समज बरोबर नव्हे. मुल्ला अब्दुल गफूर या व्यापाऱ्याचा मोठा तांडा समुद्रावर फिरत होता, तो त्यानंतरच.

खरे वैगुण्य उघडे पडले १६९५ साली. हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने गफूरचे 'फतेह मुहम्मद' आणि पाठोपाठ यात्रेकरूंना घेऊन परतणारे बादशाही 'गंज-इ-सवाई' लुटले. मोगल अधिकाऱ्यांनी सुरतेतील इंग्रजांना कैद केले. एव्हरी मात्र कधीच सापडला नाही. सुरतेकडे भांडवल होते, जहाजे होती, हुंडी व विम्याची चोख व्यवस्था होती; खोल समुद्रावर त्यांची राखण करणारे आरमार तेवढे नव्हते. ते काम अखेर युरोपीय कंपन्यांवरच सोपवावे लागले, आणि वाटेचा राखणदार वाटेचा धनी होण्यास वेळ लागत नाही. पुढे इराणात १७२२ साली सफवी सत्ता कोसळली, इकडे मोगलांचा अंमल ढिला पडला. व्यापाऱ्यांची स्वतःची जहाजे घटत गेली, माल इंग्रजांच्या जहाजांत चढू लागला. १७५९ मध्ये सुरतेचा किल्लाही इंग्रजांनी घेतला.

कारागीर त्याआधीच मुंबईस निघाले होते. लवजी नसरवानजी वाडिया हे सुरतेचे सुतार १७३६ साली तेथील गोदीत आले. त्यांच्या घराण्याच्या देखरेखीखाली १८१७ मध्ये मुंबईत सागवानी लाकडाचे 'ट्रिंकोमली' जहाज पाण्यात उतरले. ते आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे तरंगते आहे.