आधी मोठ्यांची शाळा

माझा धाकटा भाऊ सहा वर्षांचा असताना रोज सकाळी उंबऱ्यावर बसून राहायचा. पप्पा कामाला निघताना 'येतो हां' म्हणायचे आणि स्कूटर काढून जायचे. बाबू (हे त्याचं घरातलं नाव) तिथेच. दहा मिनिटं, अर्धा तास, कधी त्याहून जास्त. उठवायला गेलं की किंचाळायचा, डोकं चौकटीवर आपटायचा. आम्हाला वाटायचं, पप्पांचा लळा आहे. शेजारच्या काकींचं मत पडलं की हट्टी आहे, एकदा दोन ठेवून द्या, सुटेल सवय.

खरं कारण कळायला आम्हाला दोन वर्षं लागली, आणि तेही आपलं आपण कळलं नाही. मडगावला पालकांसाठी एक प्रशिक्षण वर्ग होता. मम्मी जायची, बरोबर मीही जायचे, कारण मला घरी एकटी ठेवायला कुणी नव्हतं. तिथल्या ताईंनी मम्मीला विचारलं, "पप्पा निघताना नेमके कुठले शब्द बोलतात?" मम्मीने सांगितलं. ताई म्हणाल्या, "मग तो थांबणारच ना. 'येतो' म्हणालेत ते."

आता मी साहित्य शिकते. काव्यशास्त्राच्या तासाला अभिधा, लक्षणा, व्यंजना शिकवतात तेव्हा सगळ्या वर्गात फक्त मलाच हा उंबरा आठवतो. आपण मराठी माणसं दिवसभर लक्षणेत बोलतो. 'डोकं खाऊ नकोस', 'जरा कान दे इकडे', 'पाचच मिनिटं थांब' (ती पाच कधीच नसतात). बाबू मात्र अभिधेत राहतो. शब्दाचा जो अर्थ आहे तो आहे. ऑटिझम असलेलं प्रत्येक मूल असंच असतं असं नाही, पण पुष्कळांना हा अनुभव येतो.

ऑटिझमला मराठीत 'स्वमग्नता' म्हणतात. शब्द सुंदर आहे आणि माझी त्याच्याविषयी तक्रार आहे. मूळ शब्द 1911च्या सुमारास ऑयगेन ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञाने रूढ केला, तोही स्किझोफ्रेनियाच्या संदर्भात. ग्रीक 'ऑटोस' म्हणजे स्वतः. पुढे 1943 साली लिओ कॅनर यांनी अमेरिकेत 11 मुलांचं वर्णन करताना तो वापरला. त्याआधी, 1925 मध्ये, ग्रुन्या सुखारेवा या रशियन डॉक्टर बाईंनी अशाच मुलांविषयी बारकाईने लिहून ठेवलं होतं, पण त्यांचं नाव फार उशिरा लोकांना कळलं. आपण त्या ग्रीक शब्दाचं भाषांतर केलं आणि त्याबरोबर एक चित्रही घेतलं: स्वतःत बुडालेलं, इतरांशी देणंघेणं नसलेलं मूल. उंबऱ्यावर तासभर बापाची वाट बघणाऱ्या मुलाला 'स्वमग्न' कसं म्हणायचं? पण शब्द रुळलाय, म्हणून मीही वापरते.

या चित्रामुळे जगभरच्या आयांना जे सोसावं लागलं ते वाचताना राग येतो. थंड, मायाच नसलेल्या आयांमुळे मुलं अशी होतात, अशी एक समजूत विसाव्या शतकाच्या मध्यावर जोरात होती. ब्रूनो बेटलहाइम यांच्या 1967च्या 'द एम्प्टी फोर्ट्रेस' या पुस्तकाने ती घरोघरी पोचवली. खरं तर 1964 सालीच बर्नार्ड रिमलंड यांनी (ते मानसशास्त्रज्ञ होते, आणि एका स्वमग्न मुलाचे वडीलही) ही शारीरिक, मेंदूच्या जडणघडणीशी निगडित गोष्ट आहे असं मांडलं होतं. मग नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात एरिक शॉप्लर यांनी सगळं उलटं फिरवलं. आईबापांना दोषी ठरवण्याऐवजी त्यांनाच सहकारी करून घेतलं, मुलाबरोबर कसं काम करायचं ते शिकवलं. 1972 साली त्या राज्याने हा कार्यक्रम 'टीच' या नावाने सगळीकडे सुरू केला. मुलाला दिवसाचं वेळापत्रक चित्रांतून दाखवणं, हे जे आज सगळीकडे दिसतं, त्याचा बराचसा उगम तिथे आहे.

पण मला सांगायचंय ते गोव्यातलं.

आपल्याकडे अडचण साधी आहे. तज्ज्ञ थोडे, मुलं खूप, आणि जे तज्ज्ञ आहेत ते शहरात. आठवड्यातून एकदा पाऊण तास थेरपी मिळाली तरी उरलेला आठवडा मूल घरीच असतं. मग ज्यांच्याबरोबर ते असतं त्यांनाच शिकवलं तर? इंग्लंडमध्ये जोनाथन ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पालकांमार्फत काम करण्याची एक पद्धत तयार केली होती. गोव्यातली 'संगाथ' ही संस्था आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीचा एक गट यांनी मिळून ती दक्षिण आशियासाठी बदलून घेतली. 2 ते 9 वर्षांची 65 मुलं, काही गोव्यातली, काही रावळपिंडीची. सत्रं 12, साधारण आठ महिन्यांत. आणि ती घेणारे लोक डॉक्टर किंवा थेरपिस्ट नव्हते. या कामापुरते शिकवून तयार केलेले साधे आरोग्य कार्यकर्ते होते. 2016 साली 'लॅन्सेट सायकिॲट्री'त याचे निष्कर्ष आले. पालक मुलाच्या कलाने घ्यायला लागले, आणि मुलं आपणहून संवाद सुरू करायला लागली. सगळंच सुधारलं असं नाही. दोघांनी मिळून एकाच गोष्टीकडे लक्ष देणं हे उलट थोडं कमी झालेलं दिसलं, आणि तेही त्यांनी लिहून ठेवलंय. मला या प्रामाणिकपणामुळेच तो अभ्यास जास्त पटतो.

या पद्धतीचं मुख्य हत्यार म्हणजे व्हिडिओ. आमच्या मडगावच्या वर्गातही तसंच करायचे. आई आणि मूल थोडा वेळ नेहमीसारखं खेळतात, ते मोबाइलवर टिपतात, आणि मग ताई आणि आई शेजारी बसून ते बघतात. मम्मीचा पहिला व्हिडिओ मला अजून आठवतो. बाबू खेळण्यातल्या बसचं चाक फिरवतोय आणि मम्मीची सरबत्ती चाललीय: हे काय आहे? कुठला रंग? सांग ना. बस कशी करते? इकडे बघ. माझ्याकडे बघ ना बाबू. बाबूने एकदाही मान वर केली नाही. मम्मी बघताबघता रडायलाच लागली. ताई चुका दाखवतील असं तिला वाटलं होतं. त्यांनी व्हिडिओ पुढे नेला आणि एका जागी थांबवला. मम्मी दमून गप्प बसली होती, आणि नकळत तीही दुसऱ्या चाकावर बोट फिरवत होती. बाबूने चाक थांबवलं. तिच्या बोटाकडे बघितलं, मग तिच्या तोंडाकडे. तीनेक सेकंद असतील. ताईंनी एवढंच विचारलं, "इथे तुम्ही काय केलंत?"

मम्मी म्हणाली, "काहीच नाही."

"तेच जास्त करा."

सगळं प्रशिक्षण त्यात आलं असं मी म्हणणार नाही, पण बरंच आलं. मुलाचं लक्ष जिथे आहे तिथे आपण जायचं. प्रश्न कमी, वाट बघणं जास्त. तो जे करतोय त्याला एकदोन शब्द द्यायचे, 'चाक फिरलं', आणि थांबायचं. थांबणं फार अवघड असतं. मनात दहा मोजून बघा.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. बाबू चार वर्षांचा असताना एका ठिकाणी (नाव सांगत नाही) आम्हाला सांगितलं की घरात एकच भाषा ठेवा, इंग्रजी. जास्त भाषांनी मूल गोंधळतं म्हणे. आमचं घर मूळचं सावंतवाडीचं. मम्मी-पप्पा आपसात कोंकणी बोलतात, मी मराठी शाळेत शिकले, आणि आमची माय, म्हणजे आजी, तिला मालवणीशिवाय काही येत नाही. मम्मीने तिला कसंबसं समजावून सांगितलं. माय म्हणाली, "माका इंग्लिश येना नाय. मगे मी गप ऱ्हवतंय." आणि खरंच गप्प राहिली. तीन-चार वर्षं ती नातवाशी बोलली नाही. त्याला भरवायची, आंघोळ घालायची, थोपटून निजवायची, सगळं मुक्याने.

दोन भाषांमुळे स्वमग्न मुलांचं बोलणं आणखी मागे पडतं, याला अभ्यासातून आधार मिळालेला नाही. मडगावच्या ताईंनी हे सांगितलं तेव्हा मम्मीने त्यांना पुन्हा विचारलं, मग पुन्हा. ज्या भाषेत तुम्हाला खेळता येतं, लाड करता येतात, रागावता येतं, त्या भाषेत बोला, त्या म्हणाल्या. परक्या भाषेत आईसुद्धा परीक्षकासारखी बोलते. व्हिडिओतले ते सगळे प्रश्न इंग्रजीत होते, हे मी वर लिहायला विसरले.

माय बोलायला लागली. बाबूला तेव्हा स्वतःचे असे शब्द फार नव्हते, पण ऐकलेली वाक्यं तो जशीच्या तशी म्हणायचा. त्यातलं एक, नाकातून, कंडक्टरच्या आवाजात: "सावंतवाडी सावंतवाडी सावंतवाडी!" आम्ही हसायचो, पाहुण्यांना म्हणून दाखवायला लावायचो (लाज वाटते आता). याला एकोलालिया म्हणतात. ते निरर्थक पोपटपंची समजून बंद पाडायचा प्रयत्न पूर्वी करत. बॅरी प्रिझंट आणि ज्युडिथ डुखन यांनी 1981 साली दाखवून दिलं की या पुनरुक्तीतून मुलं मागतात, होकार देतात, संभाषणातली आपली पाळी भरून काढतात. मायने प्रिझंट वाचलेला नव्हता. तिने एकदा त्याचं "सावंतवाडी" ऐकलं आणि मम्मीला म्हणाली, अगं, त्याला माझ्या घरी जायचंय.

शिक्षकांविषयी लिहायला हवं, पण तिथे सांगण्यासारखं चांगलं थोडंच आहे. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता स्पष्टपणे आहे, आणि शाळांनी अशा मुलांना सामावून घ्यावं, त्यासाठी शिक्षकांना तयार करावं, हेही आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2021 साली विशेष शिक्षकांचं प्रमाण ठरवून दिलं: प्राथमिकला 10 विशेष गरजा असलेल्या मुलांमागे एक, पुढच्या वर्गांना 15 मागे एक. बी.एड.ला समावेशक शिक्षणाचा एक विषयही असतो. प्रत्यक्षात आमच्या वाट्याला आलेलं 'प्रशिक्षण' म्हणजे सभागृहात एक दिवसाची कार्यशाळा, स्लाइड्स, चहा-समोसा, प्रमाणपत्र. दुसऱ्या दिवशी त्याच शाळेतून मम्मीला फोन: घेऊन जा याला, गोंधळ घालतोय.

एक बाई मात्र वेगळ्या निघाल्या. बाबू दर गुरुवारी सकाळी ओरडायचा, कान दाबून खाली बसायचा. त्यांनी एक वही केली. ओरडण्याच्या आधी काय झालं, मग त्याने काय केलं, नंतर आपण काय केलं, असे तीन रकाने. तीन आठवड्यांत उत्तर सापडलं. गुरुवारी प्रार्थनेला माइक लावत आणि तो सुरुवातीला कर्कश शिट्टी मारायचा. आपल्याला जे कानाला टोचतं ते पुष्कळ स्वमग्न मुलांना अक्षरशः दुखतं. बाईंनी त्याला गुरुवारी मागे, दाराजवळ उभं केलं, कानांवर घालायला कापूस भरलेले कानढापण दिले आणि माइक चालू होण्याआधी एक चित्र दाखवायला सुरुवात केली. वर्तन म्हणजे निरोप असतो, हे वाक्य कार्यशाळेच्या स्लाइडवर होतंच. वही मात्र बाईंची.

अजून एक. 1960च्या दशकात कॅलिफोर्नियात ओले इव्हार लोवास यांनी अशा मुलांना 'वळण' लावताना चापट्या आणि विजेचे झटकेही वापरले होते. ते दिवस गेले, पद्धती पुष्कळ बदलल्या, पण 'माझ्या डोळ्यांत बघ, मगच खाऊ' हे अजून चालतं. अनेक स्वमग्न प्रौढ सांगतात की डोळ्यांत बघितलं तर ऐकता येत नाही, दोन्ही एकदम जमत नाही. डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या समाजशास्त्रज्ञाने 2012 साली मांडलं की न समजणं हे दोन्ही बाजूंचं असतं. आम्हाला तुम्ही कळत नाही, तसे तुम्हाला आम्हीही कळत नाही. मग प्रशिक्षण द्यायला असे लोक का बोलावत नाहीत? आणि पालकांना माझा एक सल्ला: कुठल्याही केंद्रात 'मी आत बसून बघू का' असं विचारा. नको म्हणाले तर दुसरं केंद्र शोधा.

जागतिक आरोग्य संघटनेनेही पालकांसाठी एक अभ्यासक्रम केलाय, नऊ गटसत्रं आणि घरी तीन भेटी. त्यात सांभाळणाऱ्याच्या स्वतःच्या मनाचीही विचारपूस आहे. मम्मीला मडगावच्या ताईंनी विचारलं होतं, "तुम्ही शेवटच्या सलग सहा तास कधी झोपलात?" तिला आठवेना.

बाबू आता तेराचा आहे. लहान मुलांसाठी निदान वर्ग तरी आहेत. अठरानंतर काय, याचं शिक्षण मला कुठे मिळेल ते मी शोधतेय, कारण पुढे ते काम माझं असणार.

उंबऱ्याचं म्हणाल तर, पप्पांनी 'जातो' म्हणायचं ठरवलं होतं. माय उसळली. "घरातसून भायर पडताना 'जातंय' म्हणूचा नाय!" शेवटी तडजोड झाली. पप्पा अजूनही 'येतो' म्हणतात, आणि दारामागच्या खिळ्याला एक पुठ्ठा अडकवतात. त्यावर स्कूटर काढलीय आणि साडेसहा वाजलेलं घड्याळ. पावसात उशीर झाला तर बाबू पुठ्ठा काढून मायच्या मांडीवर नेऊन ठेवतो.