डोक्याला गंभीर मार : रुग्णाला हलवताना काय पाहाल?

रस्त्यावरील अपघातात किंवा गच्चीवरून पडून डोक्याला जबर मार लागला की घरचे रुग्णाला घेऊन जवळचं रुग्णालय गाठतात. तिथले डॉक्टर सांगतात, ‘‘आमच्याकडे न्यूरोसर्जन नाही, मोठ्या रुग्णालयात हलवा.’’ मग धांदल उडते. कुणी मिळेल त्या गाडीत रुग्णाला घालून निघतं, तर कुणी कुठे न्यायचं यावर तासभर फोनाफोनी करत बसतं. दोन्ही गोष्टी रुग्णाच्या जिवावर बेतू शकतात.

उशीर का घातक?

मोठ्या माणसाची कवटी ताणली जात नाही. आत रक्त साचलं किंवा मेंदूला सूज आली की दाब वाढतो आणि मेंदूचा रक्तपुरवठा घटतो. १९८१ साली अमेरिकेत अशा ८२ बेशुद्ध रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मेंदूच्या आवरणाखाली साचलेलं रक्त ४ तासांच्या आत शस्त्रक्रिया करून काढलं, त्यांच्यापैकी ३० टक्के रुग्ण दगावले. ४ तासांनंतर शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये हेच प्रमाण ९० टक्के होतं.

नुसती घाईही नको

वाटेत प्राणवायू कमी पडला किंवा वरचा रक्तदाब ९०च्या खाली गेला, तर आधीच दुखावलेल्या मेंदूला दुसरा धक्का बसतो. म्हणून आधी श्वास आणि रक्तदाब सांभाळायचा, मगच निघायचं. मात्र हे काम झाल्यावर फक्त आणखी तपासण्यांसाठी थांबू नये.

रुग्णाची शुद्ध मोजण्यासाठी डॉक्टर ‘ग्लासगो कोमा स्केल’ वापरतात. त्यात ३ ते १५ गुण असतात. ८ किंवा त्याहून कमी गुण म्हणजे इजा गंभीर. अशा रुग्णाला निघण्यापूर्वी सहसा श्वासनलिकेत नळी घालावी लागते.

निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा :

* रुग्णाचे गुण किती? श्वास आणि रक्तदाब प्रवासासाठी स्थिर आहेत का?
* जिथे नेत आहोत तिथे सीटी स्कॅन, न्यूरोसर्जन आणि आयसीयूत खाट आत्ता उपलब्ध आहे का? तिथल्या डॉक्टरांशी बोलणं झालं का?
* रुग्णवाहिकेत व्हेंटिलेटर आणि तो हाताळणारा माणूस आहे का?
* सीटी स्कॅन, दिलेली औषधं आणि वेळ यांची नोंद सोबत दिली का?

मार लागल्यावर रुग्ण नीट बोलत असला तरी गाफील राहू नका. पुन्हा पुन्हा उलट्या, वाढती गुंगी, झटके किंवा हातापायातली ताकद कमी होणं, ही आत रक्त साचत असल्याची चिन्हं असू शकतात.

कायदा तुमच्या बाजूने

पोलिसांची कागदपत्रं होईपर्यंत तातडीचे उपचार थांबवता येणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच बजावलं आहे. २०२५च्या केंद्रीय योजनेनुसार रस्ते अपघातातल्या जखमींना ठरावीक रुग्णालयांत ७ दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळतात. तेव्हा पैशांची जमवाजमव होईपर्यंत रुग्णाला ताटकळत ठेवू नका.

तुमच्या घरापासून जवळ, रात्रीही सीटी स्कॅन आणि न्यूरोसर्जन असलेलं रुग्णालय कोणतं? आजच चौकशी करा आणि त्याचा फोन नंबर घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये ठेवा. ऐनवेळी शोधाशोधीत जाणारा वेळ वाचेल.