रात्रीच्या सामूहिक सायकलफेरीतील स्वयंसेवक-व्यवस्था : नंदुरबार जिल्ह्याच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. तापीकाठची सपाटी आणि सातपुड्याचे डोंगर एकाच जिल्ह्यात असल्याने सायकलस्वारास हा प्रदेश अनुकूल व आव्हानात्मक असा दोन्ही प्रकारचा आहे. दिवसाचे ऊन टाळण्यासाठी रात्री निघून पहाटे प्रकाशा येथील तापी-गोमाई संगमावर किंवा तोरणमाळच्या पायथ्याशी पोहोचावे, ही कल्पना विद्यार्थ्यांना सहज आकर्षित करते. मात्र अशा उपक्रमाची जबाबदारी अखेर राष्ट्रीय सेवा योजनेचा कार्यक्रम अधिकारी किंवा क्रीडा संचालक यांच्यावर येऊन पडते. त्यामुळे स्वयंसेवक, म्हणजेच मार्शल, यांची रचना कशी असावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. वाहतूक अडविणे किंवा वेग राखणे हे मार्शलचे मुख्य कार्य नसून, अंधारात एकही सहभागी एकटा पडू न देणे हे त्याचे मुख्य कार्य होय, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

१. दोन भिन्न पद्धती

दीर्घ पल्ल्याच्या सायकलिंगमध्ये ‘ब्रेव्हे’ ही पद्धती भारतातही रूढ झाली आहे. तीत २०० किलोमीटरसाठी १३ तास ३० मिनिटे, ३०० साठी २० तास, ४०० साठी २७ तास आणि ६०० साठी ४० तास अशी मुदत असते. रात्री पुढील व मागील दिवा आणि प्रकाश परावर्तित करणारे जाकीट सक्तीचे असते. परंतु दोन नियंत्रण-केंद्रांच्या दरम्यान स्वाराने स्वतःची काळजी स्वतः घ्यावी, हे या पद्धतीचे तत्त्व आहे. अनुभवी स्वारास ते शोभते. प्रथमच रात्री बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यास ते लागू करता येत नाही.

दुसरी पद्धती समूहाची आहे. तिचा आदर्श आपल्याकडे वारीत उपलब्ध आहे. आळंदीहून निघणाऱ्या पालखी सोहळ्यात रथापुढील व रथामागील दिंड्यांना क्रमांक असतात. मुक्कामी समाजआरतीच्या वेळी चोपदाराने दंड उंचावताच समुदाय शांत होतो आणि हरवले-सापडले यांची वर्दी दिली जाते. क्रम, शांतता आणि वर्दी या तिन्ही गोष्टी सायकलफेरीलाही आवश्यक आहेत.

२. अंतराचे गणित

समूह विखुरतो तो बेशिस्तीमुळेच असे नाही. वेगातील फरकामुळे तो अपरिहार्यपणे विखुरतो. पुढचा स्वार ताशी १८ किलोमीटर आणि मागचा ताशी १२ किलोमीटर वेगाने चालला, असे समजू. १५ किलोमीटर अंतरास पहिल्यास ५० मिनिटे, तर दुसऱ्यास ७५ मिनिटे लागतील. म्हणजे २५ मिनिटांचे अंतर पडेल. ४५ किलोमीटरपर्यंत कोठेही एकत्र न थांबल्यास हेच अंतर ७५ मिनिटांवर जाते. एवढा वेळ एका वळणावर स्वयंसेवक उभा ठेवणे व्यवहार्य नाही, आणि तो निघून गेल्यास मागचा विद्यार्थी चुकीच्या रस्त्याला लागतो. म्हणून दर १२ ते १५ किलोमीटरवर एकत्रीकरण आणि प्रत्येक ठिकाणी प्रत्यक्ष शिरगणती हा नियम असावा. मागचे पोहोचताच पुढच्यांनी निघणे टाळावे; ज्याला विश्रांतीची सर्वाधिक गरज असते, त्यालाच अन्यथा ती मिळत नाही.

३. स्वयंसेवकांची रचना

लंडनहून समुद्रकिनाऱ्याकडे शुक्रवारी रात्री निघणाऱ्या सामूहिक फेऱ्यांमध्ये एक साधी व्यवस्था विकसित झाली. प्रत्येक वळणावर एक स्वयंसेवक थांबतो आणि सर्वांत मागचा स्वयंसेवक येईपर्यंत जागा सोडत नाही. आपल्या उपक्रमासाठी पुढील चार भूमिका पुरेशा ठरतात :

(अ) अग्रणी : मार्ग जाणणारा व वेग आवरू शकणारा. त्याच्या पुढे कोणीही जाऊ नये.
(आ) वळणावरील स्वयंसेवक : दोघांच्या जोडीने, रस्त्याच्या कडेला, दिवा चालू ठेवून उभे राहणारे.
(इ) मध्यभागी फिरणारे : दुरुस्ती व प्रथमोपचार जाणणारे.
(ई) अखेरची जोडी : ज्यांच्या मागे कोणीही असता कामा नये. पंक्चर झालेल्यास सोडून ही जोडी पुढे जात नाही.

फेरी अर्धवट सोडणाऱ्याने अखेरच्या जोडीस कळविल्याशिवाय जाऊ नये. शिरगणतीत एक कमी भरल्यास तो घरी गेला की शेतात पडला, हे अन्यथा कळत नाही.

४. स्थानिक परिस्थिती

ऊसतोडणीच्या हंगामात शहादा-तळोदा परिसरातील रस्त्यांवर उसाच्या बैलगाड्या व ट्रॅक्टर-ट्रॉल्या रात्रीही असतात. त्यांच्या मागे अनेकदा दिवा नसतो. सायकलच्या मंद दिव्यात त्या उशिरा दिसतात. म्हणून अग्रणीने शिटीचा ठरलेला इशारा द्यावा. चांदसैली व तोरणमाळच्या घाटांत रात्री उतरणे टाळून चढ-उतार उजाडल्यावरच करावा. पहाटे २ ते ५ या वेळेत झोपेचा अंमल सर्वाधिक असतो, याचेही भान ठेवावे. घाटात मोबाईलचा संपर्क गृहीत धरू नये.

या जिल्ह्यातील आदिवासी समाजात सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. अतिश्रम, निर्जलीकरण व थंडी यांमुळे सिकलसेलग्रस्तास तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. रात्रीच्या फेरीत ही तिन्ही कारणे एकत्र येतात. म्हणून वैद्यकीय माहिती आधी, परंतु गोपनीयतेने घ्यावी. ती प्रमुखाखेरीज केवळ अखेरच्या जोडीस ठाऊक असावी.

परतीचा प्रवास हा आयोजनाचाच भाग मानावा. ऑक्टोबर २०२५ मध्ये अस्तंबा यात्रेहून परतणाऱ्या भाविकांचे वाहन चांदसैली घाटात कोसळून जीवितहानी झाली. रात्रभर जागलेल्या विद्यार्थ्यांनी लगेच सायकलवर परत निघू नये. त्यांच्या झोपेची सोय करावी किंवा विश्रांती घेतलेल्या चालकाचे सुरक्षित वाहन ठेवावे.

५. अधिकाराची मर्यादा

स्वयंसेवकास वाहतूक थांबविण्याचा अधिकार नाही. चौकात वाहने अडवून समूहास वाट करून देणे हे बेकायदेशीर तर आहेच, शिवाय त्याच्याच जिवावर बेतणारे आहे. मार्गावरील पोलीस ठाण्यांना लेखी पूर्वसूचना द्यावी, आणि जेथे वाहतूक रोखण्याची गरज भासेल तेथे ते काम पोलिसांवरच सोपवावे. १०८ ही रुग्णवाहिका सेवा व ११२ हा आपत्कालीन क्रमांक प्रत्येकास पाठ असावा. अपघातग्रस्तास सद्भावनेने मदत करणाऱ्यास मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने (कलम १३४ अ) संरक्षण दिले आहे, हेही स्वयंसेवकांना समजावून सांगावे.

समारोप

दिवाळीच्या दिवसांत अस्तंब्याचे शिखर रात्रीच्या अंधारात चढणाऱ्या यात्रेकरूंमध्ये, वाट चुकलेल्यास अश्वत्थामा वाट दाखवितो, अशी श्रद्धा सांगितली जाते. महाविद्यालयीन उपक्रमात हे काम माणसांनाच वाटून घ्यावे लागते. तीस विद्यार्थ्यांच्या फेरीस आठ-दहा स्वयंसेवक अधिक वाटतील. परंतु तेवढे उपलब्ध नसतील तर सहभागींची संख्या कमी करावी, स्वयंसेवकांची नव्हे. फेरीचे यश पहिला विद्यार्थी केव्हा पोहोचला यावरून न मोजता, निघताना मोजलेली संख्या पोहोचल्यावर पूर्ण भरली की नाही, यावरून मोजले पाहिजे.